ढेपेवर पोसलेले मासे

रेंग्याचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. मोरदरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एखाद्याला नसलंच तर रेंग्या ते लवकर ठाऊक करून द्यायचा. बावन्न-त्रेपन्नच्या दुष्काळात पाड्याखालच्या नाल्यावर सरकारी कामातून मातीचा बांध घालत होते. तिथे मुकादमाने एका पोटुशी बाईच्या डोक्यावरची पाटी काठीने उडवली. कारण काय, तर पाटी काठोकाठ भरलेली नव्हती. रेंग्याने हातातल्या फावड्याचा दांडा फिरवला आणि मुकादमाचा जबडा मोडला. मातीत पडलेले दात त्याच बांधाखाली दबले. शिपायांनी रेंग्याला नेलं, पाठीची सालटी काढली आणि सोडून दिलं. दुसऱ्या सकाळी हा गडी पुन्हा माती वाहायला हजर.

बांध पुरा झाला, पावसाळ्यात पाणी अडलं आणि नाल्याचा तलाव झाला. तेव्हापासून रेंग्या त्याला ‘मन्हा तलाव’, म्हणजे माझा तलाव, म्हणू लागला. सरकारने बांधला, साऱ्या पाड्याने खपून बांधला, पण ‘मन्हा’ म्हणायची हिंमत एकट्याची. कोणी हरकत घेतली नाही. जबड्याची काळजी प्रत्येकाला असते.

मोरदरी खांडबाऱ्याच्या स्टेशनापासून दोन टेकड्या पलीकडे. निम्मी घरं देवमोगरा मातेला मानणारी, निम्मी रविवारी प्रार्थनेला जाणारी. घरातली बोली डोंगरातली, पण खांडबाऱ्याच्या बाजाराने सगळ्यांच्या जिभेवर अहिराणी चढवली होती, आणि भांडणाला तर तीच बरी पडायची. रेंग्याचे आई-बाप पटकीत एकाच आठवड्यात गेले. मागे राहिला धाकटा भाऊ जेठ्या, तेव्हा दुधाचे दातही न पडलेला. रेंग्याने त्याला खांद्यावर घेऊन गुरं राखली, त्याच्या तोंडात आधी घास घातला आणि मग आपल्या. जेठ्यावर कोणी हात उगारला की रेंग्या त्या हाताचा समाचार घ्यायचा. जेठ्या मोठा झाला तो हसरा, बडबड्या, कामाला जरा अंगचोर. पलीकडच्या ख्रिस्ती पाड्यावरची मार्था त्याने बायको म्हणून आणली, तेव्हा रेंग्याने जातीधर्माचा प्रश्न काढणाऱ्या दोघांना नाल्यात फेकलं आणि लग्न उरकून टाकलं. रेंग्याची स्वतःची बायको धनीबाई. तिच्या पोटी पोर जगलं नाही. त्यामुळे भाऊ आणि तलाव, या दोन गोष्टींवर रेंग्याचा जीव होता, आणि त्याच्या जीव लावण्यातही धसमुसळेपणाच जास्त होता.

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला त्याच्या एक-दोन वर्षांनी पाड्यावर एक साहेब आला. कोकणातला, बारीक अंगाचा, चष्मेवाला. पत्र्याच्या डब्यांत पाणी आणि पाण्यात तांदळाएवढी माशांची पिल्लं घेऊन तो आगगाडीने आला होता. डब्यातलं पाणी सारखं हाताने हलवत, दर स्टेशनावर ताजं पाणी भरत त्याने ती पिल्लं जिवंत पोचवली. रोहू, कटला, मृगळ अशी नावं त्याने सांगितली. लोकांनी त्याचं नाव मच्छीसाहेब पाडलं. तलावात मासे वाढवा, विका, खा, असं त्याचं सांगणं. पाड्याची सहकारी मंडळी स्थापन झाली, दिवाल्या कारभारी तिचा चेअरमन झाला, आणि राखणदार कोण हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

पिल्लांना खायला काय घालायचं, तर साहेबाने सुरतेकडच्या किनाऱ्यावरून सुकटाच्या कुटाची पोती मागवली. वाळवलेली बारीक मासळी कुटून केलेली पूड. माशाला माशाचंच खाणं लवकर अंगी लागतं, असं त्याच्या पुस्तकात होतं, आणि पुस्तकात काही चूकही नव्हती. चूक एवढीच की ती पोती मोरदरीत आषाढात येऊन पडली.

आषाढात डोंगरातल्या कणग्या खडखडीत होतात. जुनी ज्वारी संपलेली, नवी जमिनीत. लोक कंद उकडून खातात आणि सुकटाचा चिमूटभर वास कालवणाला लागला तर सण मानतात. अशा दिवसांत रेंग्याच्या पडवीत सुकटाची पोती रचलेली, आणि रोज सकाळी हा माणूस टोपलीभर कूट तलावात उधळतोय. अख्ख्या पाड्यावर तो वास फिरायचा. पोरं रडायची. म्हाताऱ्या बांधावर बसून पाण्याकडे बघत राहायच्या आणि मग रेंग्याकडे बघायच्या. तलावाच्या काठी चिखलात पडलेलं कूट खरवडून घेणाऱ्या एका म्हातारीला रेंग्याने ढकलून दिलं, तिचा खुबा सरकला. पोत्याला हात लावणाऱ्या दोन तरण्या पोरांना त्याने इतकं बडवलं की एकाच्या कानातून रक्त आलं. रेंग्याला यात वावगं वाटलं नाही. राखणदार आहे, राखतोय.

मग एका दुपारी पडवीत जेठ्या सापडला. धोतराच्या सोग्यात पसाभर कूट बांधलेलं.

“सोड ते,” रेंग्या म्हणाला.

“दादा, पोर उपाशी शे. मार्थानं दूध आटी गयं. पसाभर तर शे.”

“मंडळीनं शे. सोड.”

“मन्हा घरमा पोर भुकी मरी ऱ्हायनी अनी तू मासास्ले सुकट खावाले देस?”

रेंग्याचा लाठीचा हात उठला. जेठ्याने डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि लाठी कोपराखाली बसली. हाड मोडल्याचा आवाज अंगणात बसलेल्या धनीबाईने ऐकला. जेठ्या खाली बसला आणि त्या लोंबत्या हाताकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला.

“तुन्हा तलावमा मोहनी ढेप टाकसू मी! तुन्हा मासा पोटवर तरतीन, मंग कोनले मारशी?”

ही धमकी काय आहे हे डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मोहाच्या बिया घाण्यात पिळल्या की तेल निघतं आणि मागे कडू ढेप उरते. ती गुरं खात नाहीत. बायका तिने डोकं धुतात, कारण पाण्यात चोळली की तिचा साबणासारखा फेस होतो. आणि उन्हाळ्यात नदीच्या डोहात सगळा पाडा मिळून तीच ढेप पायांनी तुडवतो. पाण्यावर फेस चढतो, मासे वर येतात, तोंडं वासून तडफडतात आणि हातांनी गोळा करता येतात. माणसाला ते मासे बाधत नाहीत. पण हा उद्योग सगळ्यांच्या संमतीने, वाहत्या नदीच्या ठरल्या डोहात. पाड्याच्या पिण्याच्या पाण्यात चोरून ढेप घालणाऱ्याचं घर जाळायचं आणि त्याच्या माणसांना हाकलायचं, हा बापजाद्यांचा कायदा होता.

जेठ्या रागात बोलून गेला होता. पण बोललेलं ऐकायला सारा पाडा होता.

जेठ्याचा हात वैदूने बांबूच्या कामट्या लावून बांधला, तो वाकडाच जुळला. त्या रात्री धनीबाईने नवऱ्यापुढे भाकरी ठेवली नाही. “ज्या हाताने त्याला भरवलं त्याच हाताने मोडला ना,” एवढंच ती तिच्या बोलीत म्हणाली. रेंग्याने तिलाही एक ठेवून दिली असती, पण हात उचललाच गेला नाही. सकाळी उठून त्याने उरलेली सगळी पोती फोडली आणि घरोघर कूट वाटत सुटला. पहिलं मार्थाच्या दारात ओतलं. मार्था दार लावून आत बसली होती, तिने उघडलं नाही. म्हणून कोंबड्यांनी खाल्लं.

मच्छीसाहेब आला तो पोत्यांचा हिशेब विचारत. रेंग्याने बांधावर उभं राहून त्याला एकच गोष्ट सांगितली. “जे मानूस खास ते मी मासाले टाकाव नही. तुले टाकनं व्हई तर तू टाक, मंग पाडा तुन्हं काय करस ते दख.”

साहेब घाबरला असेल, पण पळाला नाही. चष्मा पुसत विचार करत बसला. रोहू-कटला काही वाघ नव्हेत, म्हणाला, शेवाळ-पाल्यावर जगणारी जात ती, पाल्यापाचोळ्यातलं सत्त्व त्यांना पचतं. शेंगदाण्याची ढेप घालून बघू. सुकटात जे बळ आहे ते थोडंफार ढेपेतही असतं. खांडबाऱ्याला शांतीलाल शेठच्या तेलघाण्यावर ढेपेचे गठ्ठे पडलेले होते. शांतीलालने कानाला हात लावले. मासे खाणं तर सोडाच, ‘माछली’ हा शब्दही त्याच्या घरात चालत नव्हता. पण ढेप तर गुरांचीच, ती कोणाच्या पोटात जाते हे बघायला तो कशाला टेकडी चढतोय? त्याने ढेप दिली.

ढेप रात्रभर भिजवायची, भाताचा कोंडा मिसळून लाडू वळायचे, टोपल्यांत घालून टोपल्या बांबूला बांधून पाण्यात सोडायच्या. साहेबाने दोन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या. टोपलीत खाणं उरलं तर दुसऱ्या दिवशी घालायचं नाही. आणि आभाळ भरलेलं असेल, ऊन पडत नसेल, तेव्हा तर मुळीच नाही. उरलेली ढेप तळाशी कुजते, पाण्याचा श्वास खाऊन टाकते, आणि उन्हावाचून पाण्याला नवा श्वास मिळत नाही. रेंग्याने मान डोलावली. मान डोलावणं त्याला सोपं जायचं.

आणि मासे वाढले! पहिल्या वर्षी हाताएवढे झाले, दुसऱ्या वर्षी मांडीएवढे. रेंग्या टोपल्या सोडायला पाण्यात शिरला की त्याच्या पोटऱ्यांना घासून जायचे. आसपासचे पाडे म्हणायचे, गुरांच्या खाण्यावर कुठे मासा पोसतो होय, वरून फुगलेला असेल, आत नुसतं पाणी. असं म्हणणाऱ्या एकाला रेंग्याने भर बाजारात धोपटलं आणि मग त्याच्याच हाताला धरून मोरदरीला आणलं, मासा भाजून खाऊ घातला आणि विचारलं, पाणी आहे का? तो बिचारा सुजलेल्या तोंडाने नाही म्हणाला. आपण भावाचा हात मोडला तो फुकट गेला नाही, त्यातून काहीतरी चांगलं उगवलं, असं रेंग्याला मनातून वाटत असे. जेठ्याला असं काही वाटत नव्हतं. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. एका विहिरीवर दोन घागरी, पण एक भरून गेल्याशिवाय दुसरी येत नसे.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात निरोप आला, की मोठे साहेब लोक पोळ्यानंतर तलाव बघायला येणार, जाळं ओढणार, मासा तोलणार. ढेपेवर मासा होतो हे जिल्हाभर सांगायचं आहे. रेंग्याला चार रात्री झोप लागली नाही. त्याच्या मते मासा अजून भरला नव्हता. श्रावणाची झड लागली होती, आभाळ डोंगराला टेकलेलं, आठवडाभर सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. टोपल्या वर यायच्या त्या भरलेल्याच. रेंग्या त्या पाण्यात उलटायचा आणि वर नव्या ढेपेची पोती मोकळी करायचा. धनीबाईने एकदा साहेबाच्या सांगण्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, “साहेबले काय समजस मन्हा मासास्नं?”

एका पहाटे पाण्याला गेलेल्या बाया किंचाळत आल्या. रेंग्या धावत बांधावर गेला. तलावभर तोंडं होती. पाण्याच्या कडेपासून कडेपर्यंत रोहू आणि कटला वर येऊन तोंडं वासून हवा गिळत होते. सगळ्यांत मोठे होते ते आधीच पांढरी पोटं वर करून तरंगत होते. रेंग्याने एकाला मिठीत उचललं. त्याचे कल्ले दोनदा हलले आणि थांबले.

मासे वर येऊन तोंड वासतात ते कधी, याचं डोंगरात एकच उत्तर आहे. ते कोणीतरी मागून म्हणालंही.

“मोहनी ढेप!”

आणि लगेच दुसरं कोणीतरी म्हणालं, “जेठ्या.”

एवढं पुरलं. पाडा धावत सुटला. जेठ्याच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, मोहाच्या ढेपेचा ढीग पडलेला होता. पुरावा मिळाला! तसा ढीग प्रत्येकाच्या अंगणात होता, रेंग्याच्याही होता, पण त्या क्षणी कोणालाच आपलं अंगण आठवलं नाही. जेठ्या झोपेतून उठून दारात आला. त्याच्या मागे मार्था, तिच्या कडेला पोर. पहिला दगड दिवाल्याने मारला, तो जेठ्याच्या कपाळाला लागला. एकाने धारियाचा, लांब कोयत्याचा, दांडा त्याच्या मांडीवर घातला. जेठ्याचा उजवा हात वर जात नव्हता, त्यामुळे फटके अडवायलाही त्याच्याकडे काही नव्हतं. मार्था मध्ये पडली, तिला केसांना धरून पोरासकट घरात ढकललं आणि दाराला बाहेरून लाकूड लावलं.

जेठ्या निसटला. रानाकडे पळाला असता तर वाचला असता. पण तो लंगडत, रक्त पुसत तलावाकडे धावला आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. त्याच्या भोवती मासे तोंडं वासत होते. लोक काठावर थांबले. रेंग्या लाठी घेऊन पाण्यात उतरला.

“दादा, दख!” जेठ्याने ओंजळभर पाणी डोक्यावर घेतलं आणि डाव्या हाताने केस खसाखसा चोळले. “मोहनी ढेप व्हती तर फेस येता. कोठे शे फेस? दख ना!” त्याने हात पुढे केला. हातावर नुसतं पाणी होतं आणि कपाळाचं रक्त. मग त्याने ओंजळ तोंडाला लावली, प्याला, तोंडही वाकडं केलं नाही. “कडू नही शे, दादा. मी काही टाकं नही.”

फेस नव्हता. रेंग्याने पाण्यावर नजर फिरवली. एवढा मोठा तलाव मारायचा तर गाडाभर मोहाची ढेप लागली असती आणि कडेपर्यंत फेसाच्या लाद्या चढल्या असत्या. एक बुडबुडाही नव्हता. पायाखाली मात्र मऊ, आंबूस गाळ होता, घोट्यापर्यंत, आणि तो गाळ कशाचा हे त्याच्या पायांना समजलं. डोक्यालाही समजलं. काठावरचे सगळेही बघत होते.

“मार त्याले!” कोणीतरी ओरडलं.

रेंग्याचा हात उठला. लाठी जेठ्याच्या कानशिलावर बसली. जेठ्या पडला नाही, दादाकडे बघत राहिला, म्हणून दुसरी बसली. मग काठावरून दगड यायला लागले. बायकांनीही मारले. ज्या पोरांना रेंग्याने सुकटापायी बडवलं होतं त्यांनीही मारले. पाण्यात लाल ढग पसरत गेला आणि त्यातूनही मासे तोंड वर काढत राहिले. जेठ्या पालथा झाल्यावरसुद्धा दगड थांबले नाहीत.

दुपारी ढग फाटले. किती दिवसांनी ऊन पडलं ते तलावभर पसरलं. आणि वासलेली तोंडं एकेक करून मिटली, मासे शेपटी मारून खाली गेले. मोहाच्या ढेपेने वर आलेला मासा त्याच पाण्यात कधी सावरत नाही, हे मोरदरीत जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बांधावर उभा असलेला प्रत्येक जण ते खाली जाणारे मासे बघत होता. लाज अशी गोष्ट आहे की ती एकट्याला आली तर माणूस मान खाली घालतो. साऱ्या पाड्याला आली तर पाडा हत्यार उचलतो.

कारण जेठ्याने विष घातलं नव्हतं, तर आपण कोण ठरतो? म्हणून त्याने विष घातलंच पाहिजे होतं. आणि त्याने विष घातलं असेल तर कायदा पुरा झाला पाहिजे. दिवाल्याने पलिता पेटवला.

रेंग्या बांधावर भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. डोक्याचा आकार राहिला नव्हता. धनीबाई धावत आली. “मार्थानं घर जाळी ऱ्हायनात! पोर मझार शे! उठ!”

तो उठला. जेठ्याच्या झोपडीभोवती लोकांचं कोंडाळं पडलं होतं, दाराला बाहेरून लाकूड आडवं लावलेलं. आतून पोराचं रडणं येत होतं, मार्थाचा आवाज येत नव्हता. एका कोपऱ्याचं गवत पेटलं होतं. रेंग्याने दिवाल्याच्या हातातला पलिता हिसकला आणि चिखलात खुपसला. दाराचं लाकूड उचकटलं. मग दाराला पाठ लावून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तोंड आधी चाललं.

“पानीमा फेस नव्हता. मी दखं. तुम्हीबी दखं. जेठ्याने काही टाकं नही. मासा मी मारात. ढगमा ढेप टाकी मी, पोतं पोतं टाकी. तळले कुजी गयी.”

“चूप बस,” दिवाल्या म्हणाला. हुकूम नव्हता तो, विनवणी होती.

“मासा मी मारात,” रेंग्या पुन्हा म्हणाला. “अनी भाऊलेबी.”

तिसऱ्यांदा त्याला बोलू दिलं नाही. दिवाल्याची काठी त्याच्या तोंडावर बसली. सकाळी भावावर जे हात चालले होते तेच सगळे आता याच्यावर चालले, आणि जास्त जोराने, कारण हा खरं बोलत होता. रेंग्याने उलट हात उचलला नाही. बरगड्या मोडल्या. त्याचा उजवा पंजा उंबऱ्यावर ठेवून कोणीतरी वरून पाटा घातला. धनीबाई एकटी छपरावर चढून जळतं गवत हातांनी ओढून काढत होती, तिचे तळवे भाजून निघाले. लोक दमल्यावर थांबले आणि एकमेकांकडे न बघता घरी गेले. घराचा कोपरा तेवढा जळला.

दार उघडलं. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर तोंड उघडं करायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही रीत ख्रिस्ती होऊनही त्या घरांनी सोडलेली नव्हती. मार्थाच्या डोक्यावर पदर नव्हता. ती रेंग्याच्या तोंडासमोर उभी राहिली.

“आते सांगस तू,” ती म्हणाली. “तो पानीमा उभा व्हता तव्हय सांगाले पाहिजे व्हतं.”

मग पोर खाली उतरून बसलेल्या धनीबाईच्या मांडीवर टाकून ती तलावाकडे गेली आणि नवऱ्याला एकटीने ओढत घरी आणू लागली.

पोलीस आले, पंचनामा झाला. मोरदरीतल्या एकानेही काही बघितलेलं नव्हतं. सगळे त्या सकाळी रानात गेले होते म्हणे. रेंग्याने धुळ्याच्या कोर्टात सगळं कबूल केलं, दुसऱ्या कोणाचं नाव मात्र घेतलं नाही. मच्छीसाहेबाने साक्ष दिली की पाण्यात विष नव्हतं, जास्तीची ढेप कुजली होती, अशी चूक कोणाच्याही हातून होते, आणि ढेपेवर मासा उत्तम वाढतो हेही तो सांगत राहिला, जसं काही त्याने रेंग्याची शिक्षा कमी होणार होती. वाचलेले मासे पुढे तोलले गेले, मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली, आणि डोंगरातल्या आणखी तलावांत ढेपेच्या टोपल्या उतरल्या. त्या आजही उतरतात.

जज्जाने शेवटी रेंग्याला विचारलं. चिडून नव्हे, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. “पाण्याला फेस नाही हे तू पाहिलंस. भाऊ निर्दोष आहे हे तुला कळलं. मग मारलंस का?”

रेंग्या पिंजऱ्याच्या कठड्यावर चेचलेला पंजा ठेवून उभा होता. मार्था मागच्या बाकावर बसली होती. तो मान वळवून तिच्याकडे बघू लागला. वकिलाला वाटलं, प्रश्नच समजला नाही.

“साहेब,” रेंग्या म्हणाला, “हात थांबता, तर मासा मीच मारात हाई सगळास्ले समजी जातं.”

जज्जाने ते मराठीत सांगायला लावलं, कारकुनाने लिहून घेतलं. मार्था उठली आणि दारातल्या शिपायाला बाजूला करून बाहेर गेली.